निवडणूक हरल्यावर समुद्रात : अमेरिकी उजव्यांची 'राजकीय क्रूझ' नक्की चालते कशी?

उंटावरचा_शहाणा

अमेरिकेच्या २०१२च्या निवडणुकीबद्दल जुनं वाचन चाललं होतं, त्यात एक मजेशीर विषय सापडला. 'नॅशनल रिव्ह्यू' हे विल्यम बकले यांनी १९५५ साली काढलेलं कॉन्झर्वेटिव्ह मंडळींचं नियतकालिक आपल्या वाचकांसाठी क्रूझ काढतं. पाहुणे म्हणून संपादक, स्तंभलेखक, माजी मंत्री, मतचाचणीवाले. वाचक तिकीट काढून त्यांच्यासोबत आठवडाभर जहाजावर. २०१२ची सफर ११ नोव्हेंबरला फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून हॉलंड अमेरिका कंपनीच्या 'न्यू अ‍ॅमस्टरडॅम' जहाजावर निघाली. मतदान ६ नोव्हेंबरला. निर्वाचक मतं : डेमोक्रॅट ओबामा ३३२, रिपब्लिकन रॉम्नी २०६. म्हणजे पराभवाच्या पाचव्या दिवशी ही मंडळी सुटाबुटात जहाजावर चढली!

प्रश्न असे : निकालाच्या इतक्या जवळची तारीख का घेतात? पैसे कोणाला मिळतात? हरल्यावर रद्द का करत नाहीत? आणि आपल्यातल्या कोणाला, ग्रीनकार्ड असो वा एच-१बी (नोकरीचा व्हिसा), अशा सफरीला जायचं झालं तर काय बघावं?

'हे लोक कसे वेडे' किंवा 'डावे कसे वेडे' यासाठी दुसरे धागे आहेत. इथे व्यवहार बोलूया.

डेक_नंबर_चार

रद्द का करत नाहीत याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. क्रूझचे उरलेले सगळे पैसे निघण्याआधी साधारण ७५ ते ९० दिवस भरावे लागतात. त्यानंतर रद्द केलं की कापाकापी सुरू : आधी निम्मे, मग पाऊण, शेवटच्या काही आठवड्यांत शंभर टक्के.

आता ११ नोव्हेंबरपासून मागे मोजा. ९० दिवस म्हणजे १३ ऑगस्ट. रॉम्नीने पॉल रायनला उपाध्यक्षपदासाठी निवडलं त्याला तेव्हा दोनच दिवस झाले होते. ७५ दिवस धरलेत तर २८ ऑगस्ट, म्हणजे रिपब्लिकन पक्षाच्या टँपातल्या अधिवेशनात रॉम्नीला अधिकृत उमेदवारी मिळाली तो दिवस! पैसे भरायची मुदत बरोबर उत्साहाच्या लाटेवर येते. निकाल लागतो तेव्हा परताव्याची रक्कम शून्य. त्यामुळे पडेल चेहऱ्याने का होईना, लोक येतातच.

आणि तारीख जवळची का, तर वाचकाला निवडणुकीवर बोलायचं असतं ते ताजं असतानाच. जिंकले तर विजययात्रा, हरले तर दहावं-तेरावं. आयोजकाचं दोन्हीकडून जमतं.

ताकभात

विमा असतो ना?

डेक_नंबर_चार

साध्या प्रवासविम्यात आजारपण, मृत्यू, वादळ, कोर्टाचं समन्स वगैरे कारणं असतात. 'आमचा उमेदवार पडला' हे कारण कोणत्याही पॉलिसीत नाही. :) त्यासाठी 'कोणत्याही कारणाने रद्द' हा जोड घ्यावा लागतो. त्याच्या तीन अटी लोक विसरतात. पहिली रक्कम भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांतच तो घ्यावा लागतो. परत न मिळणाऱ्या संपूर्ण खर्चाचा विमा उतरवावा लागतो. आणि निघण्याच्या निदान ४८ तास आधी रद्द करावं लागतं. एवढं करून हाती येतात ५० ते ७५ टक्के. पहिली अट चुकली की हा जोड मिळतच नाही. बुकिंग फेब्रुवारीत आणि विमा ऑगस्टमध्ये, असं करू नका.

सोळावा_माणूस

पैशांचं गणित सांगतो. दोन पद्धती आहेत. एक, आख्खं जहाज भाड्याने घेणं. यात रिकाम्या केबिनचा भुर्दंड आयोजकावर. राजकीय नियतकालिकं त्या फंदात सहसा पडत नाहीत. दुसरी पद्धत गटाची : एजंटामार्फत जहाजावरच्या काही केबिन राखून ठेवायच्या, न विकलेल्या ठरलेल्या तारखांना टप्प्याटप्प्याने कंपनीला परत करायच्या. 'न्यू अ‍ॅमस्टरडॅम' २०१० सालचं, सुमारे ८६ हजार टनांचं जहाज, दोघांच्या केबिन धरून प्रवासी २,१०० च्या आसपास. नॅशनल रिव्ह्यूचे लोक हा त्यातला एक गट. बाकीचे प्रवासी नुसते ऊन खायला आलेले, त्यांना कोण हरलं याचं सोयरसुतक नाही. ओबामांना मत दिलेलेही त्यात असणारच.

गटाला क्रूझ कंपन्या सर्वसाधारणपणे दर १५ भरलेल्या जागांमागे सोळावी फुकट देतात. ३०० जणांनी पैसे भरले की २० जागा मोफत, म्हणजे दहा केबिन, म्हणजे सपत्नीक दहा वक्ते. फुकट जागेवरही बंदरकर आणि बक्षिसी बहुधा भरावीच लागते, पण भाडं सुटतं. वर नियतकालिक आपलं परिसंवादाचं शुल्क तिकिटातच मिसळतं. नफा तो.

गफलत होते ती इथे. तेच जहाज, तीच तारीख कंपनीच्या साइटवर स्वस्तात दिसते. लोक तिथून केबिन घेतात आणि 'व्याख्यानांना जाऊन बसू' म्हणतात. बसता येत नाही. गळ्यात बिल्ला असेल तरच सभागृहात प्रवेश, आणि बिल्ला गटातून बुकिंग केलेल्यालाच. मागाहून गटात घ्या म्हणावं तर गटाच्या केबिन तोवर परत गेलेल्या असतात.

एकट्याने जाणाऱ्यांनी आणखी एक बघा : केबिनचं भाडं दोघांचं धरलेलं असतं. एकट्यालाही बहुधा दीडपट ते दुप्पट पडतं. काही आयोजक दोन अनोळखी एकट्यांना एका केबिनमध्ये घालून देतात, ते बुकिंगच्या वेळीच विचारायचं.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे मासिक चालवायला क्रूझ?

सोळावा_माणूस

बरंचसं तसंच. मतप्रधान नियतकालिकं वर्गणी आणि जाहिरातींवर क्वचितच तगतात. नॅशनल रिव्ह्यू अनेक वर्षं देणगीदारांच्या जिवावर चाललंय आणि बकले ते उघड सांगत. देणगीदार हाताशी यायला आठवडाभराच्या पंगतीइतकी चांगली सोय नाही. डाव्यांच्या 'द नेशन'नेही याच धर्तीवर क्रूझ काढल्या आहेत. यात विचारसरणीचा काही संबंध नाही, केबिनचं गणित दोघांनाही तेच.

खारे_वारे

पंगतीवरून आठवलं. या सफरींनी खरंच राजकारण हललं आहे. २००७च्या उन्हाळ्यात 'वीकली स्टँडर्ड' हे उजव्यांचं दुसरं नियतकालिक आणि 'नॅशनल रिव्ह्यू' या दोघांच्या क्रूझ अलास्कात जूनोला थांबल्या. तिथल्या नव्या गव्हर्नर सारा पेलिन यांनी दोन्ही वेळी पाहुण्या संपादक-लेखकांना घरी जेवायला बोलावलं. पुढच्या वर्षी २९ ऑगस्टला रिपब्लिकनांचा अध्यक्षपदाचा उमेदवार मॅक्केनने उपाध्यक्षपदासाठी त्यांचं नाव जाहीर केलं. मधल्या काळात त्यांच्याबद्दल सर्वांत आधी आणि सर्वांत उत्साहाने लिहिणाऱ्यांत त्या जेवणाला गेलेले लोक होते. बंदरात थांबलेल्या जहाजावरचे लोक म्हणजे आयता श्रोता, हे त्या बाईंना बरोबर कळलं होतं.

वेळापत्रक

कार्यक्रमाची घडण समजून घ्या, नाहीतर निम्मा बुडतो.

परिसंवाद 'समुद्रदिवशी' असतात, म्हणजे जहाज कुठेही न थांबता चालत असतं त्या दिवशी. सात रात्रींच्या कॅरिबियन सफरीत असे दोन किंवा तीन दिवस मिळतात. मुख्य नाट्यगृह दुपारपर्यंत गटाला मिळतं, संध्याकाळी जहाजाचे स्वतःचे नाचगाण्याचे खेळ असतात. त्यामुळे सकाळी दोन आणि दुपारी एक अशी सव्वा ते दीड तासाची सत्रं सलग. बंदराच्या दिवशी सत्र जवळजवळ नाहीच. सफर निवडताना बंदरं किती यापेक्षा समुद्रदिवस किती ते मोजा. पाच बंदरं बघून खूश होणाऱ्याला व्याख्यानं कमी मिळतात.

याखेरीज संध्याकाळी पोहण्याच्या तलावाशेजारी पेयपान, रात्री उशिरा हलकीफुलकी बैठक, एखादी सिगार-रात्र. सिगारला उघडा डेकच लागतो. वारा असेल तर काडी पेटत नाही, लायटर सामानात घातला असेल तर तपासणीत काढून घेतलेला असतो. आणि कोझुमेल किंवा ग्रँड केमनला क्यूबन सिगार सर्रास मिळतात. आजच्या नियमांत अमेरिकी माणसाने त्या तिथे ओढल्या तर चालतात, घरी आणता येत नाहीत. २०१२ साली तर अमेरिकी माणसाला परदेशातसुद्धा त्या विकत घेणं बेकायदा होतं. कायद्याच्या राज्याचे पाईक असलेल्या मंडळींची काय पंचाईत!

प्रश्नोत्तरं हा सगळ्यात बिघडणारा भाग. हातात माइक दिला की प्रश्न होत नाही, भाषण होतं. हरल्यानंतर तर हमखास. जाणते आयोजक चिठ्ठ्या घेतात आणि सूत्रधार निवडून वाचतो. चिठ्ठी वाचली जावी असं वाटत असेल तर एक वाक्य, एका वक्त्याच्या नावाने, आणि त्याने नुकतंच जे म्हटलं त्यावर. 'आपण का हरलो?' अशा पन्नास चिठ्ठ्या असतात. त्या वाचल्या जात नाहीत.

आकडेमोड

'आपण का हरलो?' याचं उत्तर त्या जहाजावर कसं दिलं गेलं हा खरा रंजक भाग आहे. वक्त्यांत मतचाचणीवाले स्कॉट रासमुसेन होते. त्यांच्याच संस्थेच्या शेवटच्या चाचणीत रॉम्नी ४९-४८ असा पुढे होता. गॅलप या जुन्या चाचणीसंस्थेचाही आकडा तोच, ४९-४८. प्रत्यक्षात ओबामा ५१.१, रॉम्नी ४७.२. जवळजवळ चार टक्क्यांचं अंतर. श्रोत्यांना रात्रीतून धक्का का बसला ते यावरून कळेल.

चूक कुठे झाली? तेव्हाच्या उजव्या वर्तुळात एक समज पक्का होता : 'अपक्ष' मतदार आपल्याकडे आहेत, म्हणजे निवडणूक आपली. आणि चाचण्यांत डेमोक्रॅट जास्त दिसतात, म्हणजे नमुना वाकडा. काही जणांनी तर नमुना 'सरळ' करून रॉम्नीचा विजय दाखवणारे आकडेही छापले. मतदानानंतरच्या पाहणीत काय आलं बघा : रॉम्नीने अपक्ष ५०-४५ असे जिंकले, तरी हरला. कारण मतदारांत स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारे ३८ टक्के, रिपब्लिकन ३२. टी पार्टी या कडव्या उजव्या चळवळीच्या लाटेत बरेच रिपब्लिकन स्वतःला 'अपक्ष' म्हणू लागले होते. अपक्षांचा डबा उजवीकडे झुकला तो नवे लोक मिळाल्यामुळे नाही, आपलेच लोक पाटी बदलून तिथे बसल्यामुळे. पक्ष हा वयासारखा किंवा लिंगासारखा ठरलेला गुण नाही, तो उत्तर देताना बदलतो. त्याला वजन देऊन नमुना दुरुस्त केला की चूक वाढते.

दुसरी बाब 'मतदानाला नक्की येणार कोण' या गाळणीची. ती कडक लावली की तरुण, कृष्णवर्णीय, लॅटिनो गळतात. २००८ची गर्दी पुन्हा येणार नाही असं गृहीत धरलं होतं. ती आली. लॅटिनोंची ७१ टक्के आणि आशियाईंची ७३ टक्के मतं ओबामांना. या ७३ टक्क्यांत आपलेही आले. चांगले पगार, स्थिर कुटुंब, मुलांच्या शिक्षणाचा ध्यास, म्हणजे रिपब्लिकनांच्या पुस्तकातला आदर्श मतदार, आणि तोच समोरच्या रांगेत उभा!

बोस्टनकर

मतदारांना बाहेर काढण्याच्या यंत्रणेचंही सांगायला हवं. रॉम्नीच्या चमूने मतदानाच्या दिवसासाठी 'ऑर्का' नावाची प्रणाली बांधली होती. ओबामांच्या प्रणालीचं नाव 'नारव्हाल', आणि समुद्रात ऑर्का हा शिकारी मासा नारव्हाल या देवमाशाला खातो म्हणून हे नाव! केंद्रावरच्या स्वयंसेवकाने मोबाइलवर कोण मतदान करून गेलं ते टिपायचं, बोस्टनमध्ये बसलेल्या चमूला उरलेल्यांची यादी दिसायची, असा बेत. झालं असं की ते अ‍ॅप नव्हतंच, संकेतस्थळ होतं. लोक अ‍ॅप स्टोअरमध्ये शोधत बसले. पत्ता सुरक्षित जोडणीचा 'एस' न लावता टाकला तर कोरं पान यायचं, आपोआप वळवण्याची सोय नव्हती. अनेकांचे पिन चुकीचे. छापायच्या याद्यांची भलीमोठी फाइल आदल्या रात्री पाठवलेली. मूळ दोष एकच : खऱ्या भाराखाली आधी कधी चालवूनच पाहिली नव्हती. जहाजावर खापर फोडायला हा सर्वांत सोयीचा मुद्दा होता, कारण त्यात विचारांना हात लावावा लागत नाही.

आकडेमोड

सहमत. तरी ऑर्का चाललं असतं म्हणून सुमारे पन्नास लाख मतांचा फरक भरला नसता. रिपब्लिकन पक्षाने मार्च २०१३मध्ये काढलेला पराभवाच्या शवविच्छेदनाचा शंभर पानी अहवाल तरी लॅटिनो आणि स्थलांतर यांवर थेट बोलला. जहाजावरचे श्रोते 'स्वतःहून निघून जा' या रॉम्नीच्या स्थलांतर धोरणावर टाळ्या वाजवणारेच होते, तिथे कोणता वक्ता वाईटपणा घेणार? भाडं भरलेल्या श्रोत्यासमोर कडू औषध देत नाहीत.

शिमल्याची_थंडी

आपल्याकडचं चिंतन शिबिर बरं म्हणायचं का मग? २००९च्या पराभवानंतर भाजपची चिंतन बैठक ऑगस्टमध्ये शिमल्याला होती. पराभवाची कारणं बाजूला राहिली, बैठक सुरू होतानाच जसवंत सिंहांना फोनवरून पक्षातून काढल्याची बातमीच सगळ्यांवर मात करून गेली. फरक इतकाच की तिथे नेते जमतात, वाचक-देणगीदार नाहीत. आणि क्रूझवरून कोणाला बाहेर काढायचं तर पुढचं बंदर येईपर्यंत थांबावं लागतं.

कागदपत्रे

आता व्हिसाचं. हे नीट वाचा, इथे चुकलं तर सफर राहते बाजूला.

१८८६च्या कायद्यानुसार परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नुसतं नेऊन सोडू शकत नाही. फेरी मारून मूळ बंदरात आणायचं तरी मधे एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. हॉलंड अमेरिकेची जहाजं नेदरलँड्सच्या झेंड्याची. म्हणून फ्लोरिडाहून निघालं की बहामा किंवा मेक्सिको, सिअ‍ॅटलहून अलास्काला गेलं तरी कॅनडातलं व्हिक्टोरिया. थोडक्यात, तुम्ही अमेरिकेबाहेर जाता आणि परत प्रवेश करता.

ग्रीनकार्डवाल्यांनी कार्ड आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही घ्यायचे. एच-१बीवाल्यांनी पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का बघायचा. शिक्का संपलाय आणि आय-९४ (अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद) चालू आहे अशा स्थितीत कॅनडा-मेक्सिकोला ३० दिवसांपर्यंत जाऊन येण्याची एक सवलत आहे. कॅरिबियन बेटांना ती सवलत फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (आदानप्रदान) व्हिसावाल्यांना, एच-१बीला नाही. जहाज एकाच बेटाला अर्धा दिवस टेकलं तरी तुम्ही त्या सवलतीबाहेर. शिक्का संपलेल्या एच-१बीने कॅरिबियन क्रूझ घेऊ नये, इतकं सरळ आहे.

बेटांचे स्वतःचे व्हिसानियम वेगवेगळे असतात आणि बदलतात. प्रत्येक बंदराचा नियम भारतीय पासपोर्टसाठी वेगळा बघा, अमेरिकी मित्राला विचारू नका. तो जन्मदाखला आणि लायसन्स घेऊनही चढू शकतो. चेक-इनच्या खिडकीवर एक कागद कमी निघाला तर धक्क्यावरून घरी, परतावा नाही.

ताकभात

ग्रीनकार्ड नसलेल्याने अशा क्रूझचं तिकीट काढलं तर ती निवडणुकीची देणगी ठरते का? परदेशी माणसाला देणगी द्यायला बंदी आहे म्हणून विचारतोय.

कागदपत्रे

नियतकालिकाकडून सफर विकत घेणं म्हणजे उमेदवाराला देणगी नव्हे. पण जहाजावर एखाद्या उमेदवारासाठी किंवा राजकीय समितीसाठी टोपी फिरवली गेली तर ग्रीनकार्ड नसलेल्याने हात खिशात घालू नये. ती बंदी केंद्र, राज्य, गाव सगळ्या निवडणुकांना लागू आहे. ग्रीनकार्डवाल्याला देता येतं, मत मात्र देता येत नाही.

करसवलतीबद्दलही विचारणा होते. 'परिसंवाद आहे, म्हणजे व्यवसायखर्च' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. क्रूझवरच्या अधिवेशनाचा खर्च वर्षाला २,००० डॉलरपर्यंतच वजा होतो, तोही जहाज अमेरिकी नोंदणीचं असेल, सगळी बंदरं अमेरिकेच्या हद्दीतली असतील आणि विषय तुमच्या धंद्याशी थेट जोडलेला असेल तर. वर दोन लेखी विवरणं जोडायची. हवाईत फिरणारं 'प्राइड ऑफ अमेरिका' सोडलं तर तसं मोठं जहाजच नाही.

डेक_नंबर_चार

केबिनबद्दल थोडं. जहाज लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, लांबीच्या मध्यावरची केबिन घ्या. झोका टोकाला आणि उंचावर जास्त बसतो. गोळी पोट ढवळायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. पण गोळीने झोप येते. सकाळच्या सत्रात पहिल्या रांगेत डुलक्या घेणारे सगळे कंटाळलेले नसतात.

नाट्यगृह बहुतेक जहाजांत नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला असतं. लाटा असतील त्या दिवशी मागच्या रांगेत, मधल्या वाटेलगत बसा. तिथे हेलकावा कमी आणि दारही जवळ.

पानावरची_जागा

जेवणाबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि पैसे तर त्याचेच आहेत. मोठ्या गोल टेबलांवर आठ-दहा जण, रोज रात्री एकेका टेबलावर एकेक वक्ता, अशी पाळी लावतात. आठवड्यात तुमच्या वाट्याला दोन किंवा तीन वक्ते येतात. कोण येणार ते आयोजक ठरवतो. पण बुकिंगच्या वेळी लेखी दोन नावं कळवली तर बहुधा एक मिळतं. जहाजावर चढल्यावर मागितलं तर मिळत नाही, कारण एक टेबल हललं की सगळी पाळी हलते. गटासाठी लवकरची पंगत ठरलेली असेल आणि तुम्ही कंपनीकडून उशिराची वेळ मागून घेतलीत तर वक्ताही गेला.

शाकाहारी जेवण निघण्याच्या महिना-दोन महिने आधी कळवा. नुसतं 'शाकाहारी' म्हटलंत तर पास्ता आणि उकडलेल्या भाज्या. 'भारतीय शाकाहारी' असं स्पष्ट लिहिलं तर डाळ-भात-भाजी मिळते. मग पहिल्याच रात्री मुख्य वाढप्याला भेटून दुसऱ्या दिवशीचं आदल्या दिवशी सांगत जायचं. हॉलंड अमेरिकेचे वाढपी बहुतेक इंडोनेशियाचे, तिखट म्हटलं की त्यांना खरं तिखट कळतं. बक्षिसी रोज दरडोई आपोआप खात्यावर चढते, ती तिकिटाच्या किमतीत दिसत नाही. दोघांचं आठवड्याचं आधीच धरून ठेवा.

आणि टेबलावरचं बोलणं खाजगी समजू नका. तिकीट काढून वार्ताहरही येतात, २०१२लाही आले होते. शेजारचा इतकं शांतपणे का ऐकतोय याचा विचार करून मग स्थलांतरितांवर बोला. टेबलावरचा एकमेव भारतीय तुम्ही असाल तर 'तुमचे लोक आम्हाला मत का देत नाहीत?' हा प्रश्न सुपाच्या आधी येतो. आकडेमोड यांचे ७३ टक्के पाठ असू द्या.

उंटावरचा_शहाणा

सगळ्यांचे आभार. एवढं व्याख्यान घरबसल्या फुकट दिसत असताना लोक का जातात हा प्रश्न पंगतीच्या प्रतिसादाने सुटला.

शेवटचं, पुढची अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८. त्यानंतरच्या रविवारी, १२ तारखेला जहाज निघालं असं धरलं तर?

डेक_नंबर_चार

९० दिवस मागे म्हणजे १४ ऑगस्ट. रद्द करायचं असेल तर त्याच्या आत. मोफत जागा मोजून वक्ते त्याच्याही आधी ठरलेले असतात, तेव्हा कोण येणार ते जुलैतच विचारून घ्या.